आयटीआय टर्नरने जर्मनीला यावे का?

दोन वर्षांचा टर्नरचा आयटीआय आणि आर्वीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू गोल फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, काढलेली तीन वर्षे एवढ्या शिदोरीवर जर्मनीला यावे का, आणि उद्या तेच काम रोबो करू लागला तर काय, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

माझे वडील हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये होते. त्या काळी बाया टोपल्यांतून कापूस वाहून आणीत आणि रेच्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, रांगेपुढे उभ्या राहून तो हाताने भरवीत. संध्याकाळपर्यंत माणसे रुईच्या कणांनी पांढरी होत. २००० साली केंद्र सरकारचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागले, आणि काही वर्षांत आमच्याकडेही कापूस हवेच्या झोताने नळीतून ओढला जाऊन आपोआप रेच्यावर पडू लागला. टोपल्या गेल्या, त्यांच्यासोबत बायांची मजुरीही गेली. वडील मात्र टिकले, कारण रेच्याच्या आवाजावरून रोलर कुठे घासतो आहे हे त्यांना कळत असे. (वेचणी अजूनही हातानेच होते, कारण आपल्याकडची बोंडे एकदम फुटत नाहीत, यंत्र सगळीकडे सारखे पोचत नाही ते असे.)

टर्नरचेही इथे जर्मनीत तेच झाले. पूर्वी ‘ड्रेअर’, म्हणजे टर्नर, नावाचा स्वतंत्र व्यवसाय होता. १९८७ च्या फेररचनेत त्याच्या जागी ‘झेरश्पानुंग्समेखानिकर’ (यंत्रावर धातू कापून भाग घडवणारा कारागीर) हा साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाचा व्यवसाय आला. मी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात तीन सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारी) यंत्रे एकटा सांभाळतो. नग उचलून ठेवण्याचे काम रोबोकडे आहे. परंतु ड्रॉइंग वाचून जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, यंत्रात कसा धरायचा हे ठरवणे, पहिला नग मोजून ऑफसेट (मापातली दुरुस्ती) देणे, आणि सकाळी बरोबर निघालेले माप दुपारी का सरकले, टूल झिजले की यंत्र तापले, हे शोधणे माझ्याकडे आहे. हँडल फिरवून तयार झालेला तुमचा हात इथे वाया जाणार नाही, पण नुसत्या हाताचा पगार आता कोणी देत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी वर्षभर तरी सीएनसीवर काम करा, मग त्यासाठी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत कमी पगारावर राहावे लागले तरी चालेल.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. इथले पुष्कळ छोटे कारखाने मोटारींच्या इंजिनाचे सुटे भाग करतात, आणि विजेवरच्या मोटारीला असे भाग फारच कमी लागतात. त्यामुळे नोकरी स्वीकारताना कारखाना कोणासाठी काय बनवतो, हे पगाराच्याही आधी विचारा.

आता कागदपत्रे. तुमचे प्रशिक्षण इथल्या साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून पाहण्याचे काम न्यूरेंबर्गची ‘आयएचके फोसा’ ही संस्था करते, आणि दोन वर्षांच्या आयटीआयला पूर्ण समकक्षता मिळेल असे गृहीत धरू नका. मार्च २०२४ पासून मात्र हातात नोकरीचा करार आणि ए२ (प्राथमिक) पातळीची जर्मन भाषा असेल, तर आधी इथे येऊन मान्यतेची प्रक्रिया नोकरी करता करता पूर्ण करता येते. माझा सल्ला त्याच्या पुढची बी१ पातळी करूनच निघण्याचा आहे. यंत्र बंद पडल्यावर फोरमन जे भराभर बोलतो ते ए२ वाल्याच्या डोक्यावरून जाते.

आणि अनुभवपत्र आताच नीट लिहून घ्या: कोणता लेथ, कोणता धातू, किती मायक्रॉनपर्यंतचे काम, कोणती मोजमापाची साधने, सारे त्यात आले पाहिजे. माझ्या पत्रात ‘टर्नर म्हणून कामावर होता’ एवढी एकच ओळ होती, आणि मालकाकडून दुसरे पत्र मिळवण्यात माझे पाच महिने गेले.