वाचकांचे प्रश्न : ‘वॉचमेन’चे पुनर्वाचन

प्रश्न : महाविद्यालयात असताना ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही चित्रकादंबरी वाचली, तेव्हा रोर्शाक हा मुखवटाधारी गुन्हेगारांचा कर्दनकाळच तिचा खरा नायक वाटला होता. आता त्याचा तिटकारा येतो, आणि कथेच्या आरंभी होणाऱ्या कॉमेडियन या मुखवटेधाऱ्याच्या खुनाचे रहस्यही ठाऊक आहे. मग पुन्हा वाचण्यासारखे काय उरते?

उत्तर : रहस्य कळल्यावरच ही कादंबरी पुरती उलगडते, असे माझे मत आहे. पहिल्याच पानावर रस्त्यावरच्या रक्तातून पाय टाकत जाणारा, जगाचा अंत जवळ आल्याचा फलक धरलेला तांबड्या केसांचा माणूस प्रथम वाचनात कुणाच्या लक्षात राहत नाही. पाचव्या अंकाअखेरीस रोर्शाकचा मुखवटा उतरतो, तेव्हा तोच चेहरा समोर येतो. त्या पानावरचा मजकूर रोर्शाकच्याच रोजनिशीतला आहे, म्हणजे लिहिणारा आपल्याच शब्दांखालून चालत गेलेला असतो.

आपल्याला येणारा तिटकारा रास्तच आहे. तरीही शेवटी न्यूयॉर्कमधील लाखोंच्या हत्येवर उभारलेले असत्य लपवण्यास तोच नकार देतो आणि प्राण गमावतो, तेव्हा ज्याच्या विचारांची शिसारी येते त्याच्याच बाजूने मन झुकते. ही कोंडी लेखकाने अखेरपर्यंत सोडवलेली नाही.

या खेपेस मुखवटेधाऱ्यांपेक्षा न्यूयॉर्कच्या चौकातला वृत्तपत्रविक्रेता आणि त्याच्या ठेल्याशी बसून चाचेगिरीचे कॉमिक वाचणारा मुलगा यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 1986-87 मध्ये 12 अंकांत आलेल्या या कथेची पाने बहुतांशी नऊ समान चौकटींच्या शिस्तीत बांधलेली आहेत, आणि त्या चौकटींतून ही साधी माणसे हळूहळू आपल्या ओळखीची होतात. अकराव्या अंकाच्या शेवटी दोघे एकमेकांना बिलगतात आणि पान पांढरे होते. बाराव्याच्या आरंभी मात्र सलग सहा पूर्ण पानांची चित्रे येतात, ज्यांत प्रेतांचा खच पडलेला आहे. इतके अंक पाळलेली शिस्त तिथे मोडल्यामुळेच तो संहार अंगावर येतो. हे दोन अंक एकाच बैठकीत वाचावेत.

एक आक्षेप मात्र मला नोंदवावासा वाटतो. कॉमेडियनने बलात्काराचा प्रयत्न केल्यानंतरही त्याची जुनी मुखवटेधारी सहकारी सॅली ज्युपिटर हिच्या मनात त्याच्याविषयी उरलेली ओढ कथेला महत्त्वाची वाटते, पण ती समजून घेण्यासाठी सॅलीला स्वतःच्या तोंडून बोलायला फारच थोडी जागा मिळाली आहे.