ऑड्रे टू-शी ओळख करून घ्यायचीय? मग इथून सुरू कर

ऑड्रे टू या माणसं गिळणाऱ्या, गाणाऱ्या झाडाची गोष्ट, म्हणजे ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’, कुठून सुरू करू, असं विचारलंस. थेट १९८६चा फ्रँक ऑझचा सिनेमा लाव. १९६०चा रॉजर कॉर्मनचा मूळ कृष्णधवल सिनेमा नंतर. तो जेमतेम दोन दिवसांत उरकलाय आणि ते दिसतंही! पण दंतवैद्याकडे दात उपटून घ्यायला हौसेने आलेला तरुण जॅक निकल्सन चुकवू नकोस.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- संगीतकार अ‍ॅलन मेन्केन आणि लेखक-गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन यांचं १९८२चं संगीत नाटक म्हणजे ऑझच्या सिनेमाची नक्कल समजतात. उलट आहे, १९८६चा सिनेमा त्या नाटकावरून निघाला.
- गाणी पुढे पळवतात. गोष्टभर गात राहणाऱ्या तिघी गायिकांकडे नीट लक्ष दे. क्रिस्टल, रॉनेट, शिफॉन ही नावं साठच्या दशकातल्या गायिकांच्या गटांवरून घेतलीत.
- गोड शेवट पाहून थांबतात. नाटकात झाड सगळ्यांना गिळतं. सिनेमातही आधी तसंच होतं, पण चाचणी खेळांना प्रेक्षक नाराज झाले, म्हणून शेवट बदलला. मूळ शेवटाची आवृत्ती २०१२मध्ये आली. मला तीच आवडते, पण ती दुसऱ्या खेपेला.

झाडाच्या बाहुलीचं तंत्र वगैरे आत्ताच खोदत बसू नकोस. झाड गायला लागलं की फक्त त्याचे ओठ बघ.