ऊर्जा मायनसमध्ये कशी काय असू शकते?

तुमचा प्रश्न असा आहे की हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं छोटंसं माप) लिहितात, तर ती शून्याच्या खाली गेली कशी? काहीच नसण्यापेक्षाही कमी असं काही असतं का?

घाबरू नका, इलेक्ट्रॉनने कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत. शून्य कुठे मांडायचं हे आपण ठरवलं, त्यातून हा मायनस आला.

आमच्या नागपुरात बर्डीजवळ झिरो माइलचा दगड आहे, १९०७ सालचा, ब्रिटिशांच्या सर्वेक्षणातला. (तो देशाचा खरा मध्यबिंदू आहे की नाही, यात मी पडत नाही. इथे त्यावरून चहा थंड होतो.) अंतरं मोजायची तर हा दगड शून्यावर. पण तिथेच उंचीही नोंदवलीय: समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. जागा एकच, आडवं मोजा तर शून्य, उभं मोजा तर हजारावर फूट. कुणी म्हणत नाही की दगड खोटं बोलून राहिला.

स्थितिज ऊर्जेचंही, म्हणजे वस्तू कुठे आहे त्यामुळे तिच्यात असलेल्या ऊर्जेचंही, तसंच. दहा मीटर उंच गच्चीच्या कठड्यावर एक किलोची कुंडी ठेवलीय. जमिनीला शून्य धरलं तर तिची ऊर्जा ९८ ज्यूल. समुद्रसपाटी धरली, आणि घर झिरो माइलच्याच उंचीवर असलं, तर सुमारे ३१४६. कठड्यालाच शून्य म्हटलं तर कुंडी शून्यावर आणि अंगण −९८ वर. आता कुंडी पडली. खाली उभ्या काकांना तुम्ही कुठलाही हिशोब दाखवा, त्यांच्या पायाला ९८ ज्यूलच लागतात. निसर्गाला फक्त फरक कळतो.

अणूच्या बाबतीत शून्य मांडलंय ते इलेक्ट्रॉन प्रोटॉनपासून अनंत अंतरावर, स्थिर असताना. तिथून तो ओढला जात आत येतो तशी स्थितिज ऊर्जा शून्याखाली उतरत जाते. सगळ्यात खालच्या पातळीवर ती सरासरी −२७.२ होते, गतिज म्हणजे हालचालीची ऊर्जा +१३.६ (ती कधीच ऋण नसते), बेरीज −१३.६. म्हणजे या इलेक्ट्रॉनला बाहेर काढायचं तर निदान १३.६ मोजावे लागतील. एकूण ऊर्जा मायनसमध्ये असणं म्हणजे तो अडकलेला असणं, एवढंच.

याच हिशोबाने तुम्ही-आम्हीही मायनसमध्येच आहोत. सूर्य बाजूला ठेवला तरी पृथ्वीच्या पृष्ठभागावर दर किलोमागे सुमारे −६.२५ कोटी ज्यूल. तेवढे फेडायचे म्हणून तर पृथ्वीपासून कायमचं सुटणाऱ्या रॉकेटला सेकंदाला ११.२ किलोमीटरचा वेग लागतो.

आता म्हणाल, मग शून्य कुठेही ठोका, काय फरक पडतो? नाही हो, प्रत्येक शून्य असं मनमर्जीचं नसतं. मे महिन्यात इथे ४५ अंश असतं, ते २२.५ च्या 'दुप्पट' नसतं. सेल्सिअसचं शून्य म्हणजे फक्त बर्फ वितळण्याची जागा. खरं शून्य −२७३.१५ वर आहे. तिथून मोजलं तर ३१८.१५ विरुद्ध २९५.६५, आठ टक्केसुद्धा फरक नाही. (हे नागपूरकराला मे महिन्यात सांगू नका.)

ऊर्जेचंही असं एक शून्य आहे. आइनस्टाइनच्या सूत्राने वस्तुमानसुद्धा ऊर्जेत मोजलं, तर प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळे असताना मिळून सुमारे ९३ कोटी ८८ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतात. जोडून अणू झाला की त्यातून १३.६ वजा होतात, आणि अणू खरोखरच तेवढा हलका होतो, साधारण सात कोटींत एक भाग. तेव्हा 'काहीच नसण्यापेक्षा कमी' असं तिथे काही नाही. कोट्यवधींच्या खात्यातून साडेतेरा गेलेत.