पिशवी काढायची घाई कशाला?

प्रश्न: ताई नमस्कार, आमची वहिनी ३१ वर्षांची आहे, दोन लेकरं आहेत, दिवाळी झाली की दादा-वहिनी दोघं ऊसतोडीला कारखान्यावर जातात. तिला सहा महिने झाले अंगावरून पांढरं जातंय आणि कंबर लई दुखते. तालुक्याला दवाखान्यात नेलं तर सोनोग्राफी करून सांगितलं की गर्भाच्या पिशवीला सूज आहे, काढून टाका नाहीतर पुढं कॅन्सर होईल, ३५ हजार लागतील. टोळीचा मुकादम म्हणतो उचल (आगाऊ पैसे) वाढवून देतो, आत्ताच उरकून घ्या. सरकारीत न्यावं तर घरचे म्हणतात तिथं नीट बघत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर: भाऊ, सगळ्यात आधी मुकादमाला नाही म्हणा. तुम्ही लिहिलंय तेवढ्या त्रासावर पिशवी काढत नसतात. पांढरं जाणं बहुतेक वेळा इन्फेक्शनमुळं असतं, आतून तपासून गोळ्यांचा कोर्स दिला की बरं होतं, काही इन्फेक्शनमधे नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात नाहीतर ते परत होतं, हे दादाला नीट सांगा. आणि दिवसभर वाकून ऊस तोडायचा, वर मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमधे चढवायच्या, त्या बाईची कंबर दुखणारच, त्यात पिशवीचा काय दोष? कॅन्सरची भीती असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची पॅप स्मिअर किंवा व्हीआयए टेस्ट करा, सोनोग्राफीतली 'सूज' बघून कॅन्सर होईल असं कुणी सांगू शकत नाही.

माझ्याकडं ओपीडीत एक ताई आली होती, वय २९. कॅरीबॅगमधे सोनोग्राफीची जुनी फिल्म, रिपोर्टवर लिहिलेलं 'बल्की', म्हणजे पिशवी थोडी मोठी, ती बाळंतपणं झालेल्या बाईची असू शकते. तेवढ्यावर पिशवी काढली होती, सोबत दोन्ही बीजांडकोशही, आणि ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बीजांडकोश गेले म्हणून आता रात्री घामानं भिजून उठते, हाडं दुखतात, आणि ऑपरेशनची उचल अजून फिटतच होती.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ मधे सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, सहातली एक! पाळीत खाडा पडला की पैसे कापतात म्हणून बायाही तयार होतात, मला याचा फार त्रास होतो. त्यानंतर बीडमधे खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, ती घेणार का हे त्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. रिपोर्टची कॉपीही मागा, मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचा नियम आहे.

सरकारीचं म्हणाल तर लाईन मोठी असते, कधी कधी तुसडं बोलतात, हे खरंय आणि ते सुधारलंच पाहिजे. पण तिथल्या डॉक्टरला तुमची पिशवी काढून जास्त पैसे मिळत नाहीत. ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं फ्री आहे, नाहीतर अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला सकाळी लवकर जा, जुने रिपोर्ट घेऊन जा आणि स्त्रीरोगच्या ओपीडीत दुसरं मत घ्या.

पिशवी कधीच काढू नये असं नाही हं. मोठी गाठ असून रक्तस्राव गोळ्यांनी थांबत नसेल, अंग फार बाहेर येत असेल, कॅन्सर निघाला तर काढावी लागते, मग महात्मा फुले योजनेत बसतं का ते रेशनकार्ड घेऊन दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला विचारा. संबंधानंतर रक्त जात असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

तपासणी दिवाळीआधीच उरकून घ्या, एकदा टोळी निघाली की फडातून दवाखान्यात जायला वहिनीला कुणी सुट्टी देणार नाही आणि गोळ्यांचा कोर्स अर्धवट राहील.