कुंभारकामास आरंभ करताना

कुंभारकामावर उपजीविका करण्याचा आणि पर्यटकांनाही चाकावर वस्तू घडवू देण्याचा आपला निश्चय पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. चाकाची घाई मात्र करू नये. माती आधी नीट गाळावी, कारण तिच्यात राहिलेला चुनखडीचा बारीक खडा भाजल्यानंतरही हवेतील ओल शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- गोळा चाकाच्या मध्यावर स्थिर होण्याआधीच अंगठे आत घालणे.
- ओले भांडे उन्हात ठेवणे. सावलीत सावकाश वाळवावे. ओल राहिलेले भांडे भट्टीत हमखास फुटते.

सुरुवातीला पणत्या आणि कुंड्याच कराव्यात. पर्यटकांनी घडवलेली वस्तू त्याच दिवशी भाजून देता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आधी भाजलेल्या पणत्या तयार ठेवाव्यात. दिवाळीपूर्वी धारावीचा कुंभारवाडा अवश्य पाहावा.