आधी विमान ओळख, देखावा नंतर

मित्रा, २०२०च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या संगणकावर विमान उडवायच्या खेळातली उपग्रहचित्रांतून उभी राहिलेली पृथ्वी पाहून हरखणं साहजिक आहे. १९८२च्या पहिल्या आवृत्तीत शिकागोचं मेग्ज फील्ड विमानतळ मोजक्या रेघांत भागवलेलं होतं. पण खरेपणा फक्त खिडकीबाहेर शोधू नकोस. एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर पंखांचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येकावरचं बल उड्डाण चालू असतानाच मोजतो. म्हणून वेग घटत असताना नाक वर ओढत राहिलास, की स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, कसा येतो ते नीट उमगतं. माझ्या मते हे कुठल्याही सुंदर ढगांपेक्षा मोलाचं आहे. जॉयस्टिक साधी चालेल. सेस्ना १७२ हे छोटं, एका इंजिनाचं विमान घे, ऑटोपायलट बंद ठेव आणि आडव्या वाऱ्यात उतरायचा भरपूर सराव कर. जंबो जेट नंतर.