आपल्याच माणसांची भीती

"ताई, सहा वर्षं दर शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थनासभा भरायची. सासूबाईंना पक्षाघात झाला आणि मी ती बंद ठेवली. आता महिला मंडळात बोलतात, ही विश्वासात थंड झाली. रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही. सभा पुन्हा सुरू करू का? लोक काय म्हणतील या भीतीतून माणूस सुटतो कसा?"
– एक बहीण, अहिल्यानगर

प्रिय भगिनी, सलाम.

सभा आत्ता सुरू करू नकोस. बायकांची तोंडं बंद करायला भरवलेली सभा प्रभूसाठी राहत नाही.

आणि झोप उडाली म्हणजे आपला विश्वासच कच्चा, असं स्वतःला टोचू नकोस. येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट आठव. यरुशलेमेत न्यायसभेपुढे 'माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे' असं ठणकावून सांगणारा, फटके खाऊनही न हटलेला पेत्र. तोच अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, पण यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची, अशी पंगत न रुचणारी यहुदी माणसं आली तसा पंगतीतून मागे सरला. त्याचं बघून प्रेषित पौलाचा सोबती बर्णबाही सरला. पौलाने पेत्राला तोंडावर सुनावलं, गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे. विरोधकांना न भ्यालेला माणूस आपल्याच माणसांना भ्याला गं! तुझंही तेच झालंय. बाहेरच्यांचं बोलणं तू कधीच मनावर घेतलं नसतंस.

त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो, मी माणसांना संतुष्ट करत राहिलो असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो. हा 'संतुष्ट' शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानात 3:17 मध्येही सापडेल. येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देनेतून वर येतो आणि पिता म्हणतो, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर मत्तयाने येशूचा ना एक उपदेश सांगितलाय, ना एक रोगी बरा झाल्याचं. कामाच्या आधीच पित्याची पसंती! ख्रिस्तात ती तुलाही मिळाली आहे. शुक्रवारच्या सभेवर ती अवलंबून नाही.

मंडळीतलं सगळंच बोलणं झटकून टाक, असं मी म्हणत नाही. जी बाई घरी येऊन सासूबाईंची कूस बदलायला हात लावते, तिने टोकलं तर ऐक. बाकीच्यांनी विचारलं तर एवढंच म्हण, "सध्या जमत नाही." पुढे कारणं देत बसू नकोस. पहिल्यांदा छाती धडधडेल, धडधडू दे.

या शुक्रवारी सभेच्या वेळेला दार लावून घे. सासूबाईंना जेवण भरव, त्यांच्या उशाशी बसून एक स्तोत्र मोठ्याने वाच. आणि ते मंडळात कुणाला सांगू नकोस.

तुझी ताई